इस्त्री केलेल्या नोटा

धाकटा : म्हणजे हे तुम्ही आज सकाळी केलंत. पूर्ण शुद्धीवर असताना.

दाजी : काय केलं ते नीट बोल.

धाकटा : दाजी, या नोटा आहेत. होत्या. आता बघा, ही माझ्या अंगठ्याएवढी राहिलीय. हिच्यावरच्या माणसाचं नाक त्याच्या कानाला जाऊन लागलंय.

दाजी : मला तो आधीपासूनच तसा वाटला होता.

ताई : हसायचं नाही. दोघांनीही. बोट सुटायला फार वेळ नाही, आणि आपण धक्क्यावरून परत येऊन या खोलीत बसलोय.

धाकटा : मी हसत नाहीये ताई. मला समजून घ्यायचंय. माणूस परदेशात येतो, लॉजच्या खोलीत सकाळी उठतो, आणि त्याच्या मनात येतं की चला, आज नोटांना इस्त्री करू. हे येतं कुठून?

दाजी : तुला नाही समजणार. तुला आयुष्यात स्वतःच्या शर्टाला इस्त्री करावी लागली नाही. माझ्या लाँड्रीत आणून टाकायचास आणि 'दाजी, घरचंच आहे' म्हणून उचलून न्यायचास.

धाकटा : विषय बदलू नका.

दाजी : विषय हाच आहे. गिऱ्हाइकाच्या खिशात राहिलेली नोट पाण्यातून निघते, तेव्हा तिचा लगदा व्हायच्या आत ती वाळवायची, वर फडकं टाकायचं आणि हलकी इस्त्री फिरवायची. मग कपड्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून परत द्यायची. माझ्या हातची नोट बँकेतला माणूस दोनदा उलटीपालटी करून बघतो. कुठून आणली एवढी कोरी, म्हणतो.

धाकटा : ती कागदाची. ही प्लास्टिकची आहे. अर्ध्या जगात प्लास्टिकच्या नोटा चालतात. तुमच्या लाँड्रीपर्यंत बातमी पोचायची राहिली असेल.

दाजी : नायलॉनचे शर्ट आले तेव्हाही बातमी आली नव्हती. मी हाताने ओळखले होते.

ताई : मग या का नाही ओळखल्या?

दाजी : तू मागे उभी राहून 'आवरा, आवरा' करत होतीस.

ताई : म्हणजे माझ्यामुळे झालं.

दाजी : तसं नाही म्हटलं.

ताई : तसंच म्हटलंत. पहिली नोट आकसली तेव्हा थांबायचं नाही का माणसाने? एक गेली, कळलं, थांबलो. तुम्ही सगळ्या एकावर एक ठेवून वरून दाबल्यात.

दाजी : चुण्या फार होत्या. इवल्या इवल्या घड्या, वर्षानुवर्षं दाबून ठेवलेल्या. अशी चुरगळलेली नोट मी कुणाच्या हातात ठेवत नाही. मला लाज वाटते.

धाकटा : आणि ही ठेवलीत तेव्हा नाही वाटली? बोटवाल्याने ती उजेडात धरली. मग बायकोला हाक मारली. मग ती दोघं मिळून हसली. मी तिथे शेजारी उभा होतो, दाजी. माझ्या ऑफिसात माझ्या हाताखाली माणसं आहेत.

दाजी : तुझ्या हाताखालची माणसं धक्क्यावर नव्हती.

धाकटा : आणि ही इस्त्री? ही लॉजची नाही. ही तुम्ही घरून आणलीत?

दाजी : लॉजच्या इस्त्रीचा तळ बघितलास? करपलेल्या तव्यासारखा आहे. तिच्यावर मी फडकंसुद्धा टाकणार नाही.

धाकटा : विमानतळावर सामानाच्या वजनावरून मला बॅगेतले माझे जादा बूट काढून ठेवावे लागले. हे इस्त्री घेऊन आले. ताई, तू हा माणूस सांभाळतेस कसा?

ताई : तुला सांभाळून सवय झाली होती.

दाजी : ऐक.

ताई : तुम्ही गप्प बसा. मला एवढंच सांगा, आता काय करायचं? पैसे बदलून देणारं दुकान आज बंद. बँक बंद. उद्या सकाळी आपलं विमान. बेटावर जायला दिवसात एकच बोट आहे, तीच संध्याकाळी परत येते. आणि तिकडे आपली थोरली बहीण, अक्का, कमरेचं हाड मोडून अंथरुणाला खिळलीय. आज गेलो नाही तर मी तिला पुन्हा कधी बघणार? मला कोण परत इथे आणणार, तुम्ही का हा?

धाकटा : असं टोकाचं कशाला बोलतेस.

ताई : टोकाचं नाही. माझं वय बघ आणि तिचं बघ.

दाजी : याच्याकडे कार्ड आहे ना. याला विचार. विमानतळावर काय व्याख्यान दिलं होतं याने. रोख पैसे घेऊन हिंडणारा माणूस म्हणजे गावंढळ. त्याचा खिसा कापला जातो, मग तो पोलीस चौकीच्या बाकावर रडत बसतो. आणि आपले साहेब, एक कार्ड काढलं की सगळं जग सलाम ठोकतं.

धाकटा : मी जे सांगितलं त्यात चूक काय होतं? आठवडाभर लॉज कुणी दिला? बस, तिकिटं, जेवणं? या कार्डाने. तुमच्या नोटांना कुणी हात लावला नाही.

दाजी : आज लावला. आणि हसले.

धाकटा : आज एक बोटवाला निघाला, त्याच्याकडे मशीन नाही. यात माझा काय दोष?

दाजी : मशीन नाही हे त्याने सांगितलं. हाताने खुणा करून सांगितलं. डोळे मोठे करून सांगितलं. तरी तू त्याच्या नाकासमोर कार्ड फिरवत होतास, माशी हाकलल्यासारखं. शेवटी त्या बिचाऱ्याने हात पुसून ते घेतलं, पुढून बघितलं, मागून बघितलं आणि तुझ्या खिशात परत घातलं.

धाकटा : मागासलेले लोक आहेत.

ताई : अक्काने फोनवर सांगितलं होतं, बोटीवर रोख लागतात. मी तुला त्याच दिवशी सांगितलं. तू म्हणालास, तिला काय कळतंय.

धाकटा : मी असं म्हणालो नाही.

ताई : म्हणालास. जेवताना. आणि हे घरचे पैसे बदलून घेणार होते, तर तू यांना तिथेच अडवलंस. 'दाजी, ते पैसे कपाटात ठेवा, तिकडे तुमच्या रोखीला कुणी विचारत नाही.' म्हणून मी माझ्या या नोटा बरोबर घेतल्या. तुम्हा दोघांना न विचारता.

धाकटा : तुझ्या? तुझ्याकडे इथल्या नोटा कुठून आल्या?

ताई : अक्काच्या आहेत.

धाकटा : अक्काच्या म्हणजे?

ताई : दरवर्षी तिचं कपड्यांचं पार्सल यायचं ना? स्वेटरच्या खालच्या दुमडीत शिवून पाठवायची. अशी एवढीशी घडी करून, वर दोन टाके. तू एकदा म्हणालास, त्या बाईचा पैसा या घरात नको. बाबांच्या समोर म्हणालास. मी मात्र टाके उसवून काढून ठेवत गेले.

धाकटा : मला सांगितलं नाहीस.

ताई : पार्सल आलं की तू चपला घालून बाहेर जायचास. कुणाला सांगणार?

दाजी : मला तरी सांगायचंस. अक्काच्या आहेत कळलं असतं तर मी हात लावला नसता.

ताई : तुम्ही हात लावल्याशिवाय राहिला असता? तुम्हाला चुणी दिसली की तुमचा हात शिवशिवतो. लग्नात माझ्या पदराची घडी सरळ करत बसला होता, लोक बघत होते.

धाकटा : हे बघा, आपण व्यवस्थित विचार करू. ऑफिसात अडचण आली की मी सगळ्यांना आधी शांत बसायला सांगतो.

दाजी : आणि बिस्किटं खातोस?

धाकटा : मी नाश्ता केलेला नाही.

दाजी : दोन पुडे संपवलेस. तो तिसरा आहे.

धाकटा : परिस्थिती अशी आहे. धक्क्याजवळ पैसे काढायचं मशीन आहे, तिथे मी कार्ड घातलं. कार्डात काही दोष नाही. बँकेला संशय आला की कुणी चोर हे कार्ड वापरतोय, म्हणून त्यांनी ते थांबवलं. ही सुरक्षितता आहे. तुमच्या नोटेला असा संशय येतो का?

दाजी : माझ्या नोटेला माणूस ओळखता येतो. ती मालकाला चोर समजत नाही.

धाकटा : हे सुरू करायला बँक एक आकडा पाठवते. तो माझ्या घरच्या नंबरावर येतो. आता फोनमध्ये इथलं सिम आहे, कारण त्याने स्वस्त पडतं. घरचं सिम घरी आहे. संपलं. यात कुणाचीच चूक नाही.

दाजी : तुझ्याकडे तर तीन कार्डं आहेत. पत्त्यांसारखी पसरून दाखवत होतास. एक नेहमीचं, एक अडीअडचणीचं, आणि तिसरं कशाचं होतं?

धाकटा : विमानतळावर आरामात बसायचं.

दाजी : हां. आरामात बसायचं. बाकीची दोन वापर.

धाकटा : तिन्ही थांबवलीत. तिन्ही त्याच नंबरला जोडलेली आहेत.

दाजी : म्हणजे तीन कुलपं, किल्ली एकच, आणि ती घरी ठेवून साहेब प्रवासाला निघाले. वर मला गावंढळ म्हणतात.

धाकटा : बोला. बोलून घ्या.

दाजी : बोलतोच आहे. मी नोटा जाळल्या, मान्य. पण मी त्या बरोबर तरी आणल्या होत्या.

ताई : आणल्या मी होत्या.

दाजी : इस्त्री तरी आणली होती.

ताई : देवा. मी खाली जाऊन येते.

धाकटा : कुठे?

ताई : पाणी आणायला. भांड्यात घोटभरही ठेवलं नाहीत तुम्ही दोघांनी. बोलून बोलून घसे सुकतात तुमचे. मी येईपर्यंत कुणाचं शहाणपण जास्त ते ठरवून ठेवा.

दाजी : गेली.

धाकटा : चिडलीय.

दाजी : चिडली असती तर बरं होतं. खिडकीतून बघत होती सारखी. इथून ती बोट दिसते बघ. निळी. अजून माणसं चढतायत.

धाकटा : दाजी, एक सुचतंय. तुम्ही खालच्या काउंटरवरच्या बाईकडे काहीतरी ठेवून पैसे मागा.

दाजी : मी? तू माग. तुझं घड्याळ काढून दे तिला.

धाकटा : हे घड्याळ ऑफिसने दिलंय. सत्कारात.

दाजी : मग दाखव तिला सत्काराचा फोटो.

धाकटा : कुणापुढे हात पसरायला मला जमत नाही.

दाजी : तुला काय काय जमत नाही त्याची मोजदाद आम्ही आठवडाभर करतोय. परवा बसमध्ये घाट लागला तर पिशवी तोंडाला लावून बसला होतास.

धाकटा : ते एसीमुळे. काच बंद होती. मी विमानाने हिंडलेला माणूस आहे, मला काही होत नाही.

दाजी : हो. शेजारची म्हातारी तुला रुमाल देत होती, तेही एसीमुळेच.

धाकटा : तुम्हाला मजा वाटतेय.

दाजी : थोडी वाटतेय. खोटं कशाला बोलू. लग्न झाल्यापासून ऐकतोय, आमचा धाकटा असा, आमचा धाकटा तसा. धाकट्याला सगळं कळतं. माझ्या दुकानात येऊन नाकाला रुमाल लावायचास, वाफेचा वास येतो म्हणून. आज तुझी तिन्ही कार्डं बंद पडलीत, तर मला बसू दे की जरा गमतीत.

धाकटा : बसा.

दाजी : पण एक गोष्ट माझ्या गळी उतरत नाही.

धाकटा : कुठली?

दाजी : आपण इथे आलो कशासाठी? तुझ्या ताईला अक्काला भेटायचं म्हणून. बरोबर? मग पहिल्याच दिवशी बेटावर जायचं सोडून आपण काय काय बघितलं? घड्याळांचं संग्रहालय. काचेचा मनोरा. कुणा राजाच्या घोड्यांचे तबेले, त्यात आता घोडेही नाहीत. तुझी ताई रोज सकाळी विचारायची, बेटावर कधी जायचं? तू रोज म्हणायचास, उद्या. शेवटी एकच दिवस उरला, तो आजचा.

धाकटा : प्रवासाची आखणी अशीच करतात. महत्त्वाचं शेवटी ठेवतात.

दाजी : शर्टावरचा चिवट डाग मी शेवटी ठेवला तर तो कधीच निघत नाही.

धाकटा : तुम्हाला आमच्या घरातलं काय माहीत आहे?

दाजी : सांग ना मग. इथे माझ्याशिवाय कोण आहे? रिकामी खोली आहे.

धाकटा : ती इकडे नोकरीला आली. कुणाच्या तरी घरी स्वयंपाक करायला. दोन वर्षांत परत येते म्हणाली. इथेच लग्न केलं, मासेमारीची जाळी विणणाऱ्या कुणाशी तरी, आम्हाला कळलं ते पत्राने. तेही चाललं असतं. पण आई गेली तेव्हा ती आली नाही. सगळे वाट बघत होते. मी गेटपाशी उभा होतो, लहान होतो मी तसा. अक्का आली नाही. महिन्याने पार्सल आलं. त्यात नोटा. तिला वाटलं असेल, नोटा पाठवल्या की झालं. माणूस यायची गरज नाही.

दाजी : का नाही आली, विचारलंस तिला?

धाकटा : काय विचारायचं त्यात?

दाजी : मग तू आलास कशाला आमच्याबरोबर?

धाकटा : ताईला तुमच्या भरवशावर परदेशात सोडू?

दाजी : माझ्या भरवशावर ती आठवड्याच्या सातही दिवस असते.

धाकटा : म्हणूनच आलो.

दाजी : अरे वा. उपकार झाले.

धाकटा : ती आली बघा.

ताई : चला, उठा. बूट घाला.

दाजी : पाणी?

ताई : नाही आणलं. चला म्हणतेय ना.

धाकटा : चला म्हणजे? पैसे?

ताई : पैशांचं झालं.

दाजी : कसं झालं? मंगळसूत्राला हात लावलास की काय?

ताई : काही नाही लावला. काउंटरवरच्या बाईला अक्काचा नंबर दाखवला आणि कानाला हात लावून फोनची खूण केली. तिने लगेच जोडून दिला. भली बाई आहे, मला बसायला खुर्ची दिली. मी अक्काला म्हटलं, असं असं झालंय, एकाने नोटा भाजल्या आणि दुसऱ्याचं कार्ड झोपलंय, आम्ही खोलीत अडकलोय.

दाजी : भाजल्या असं सांगायची काय गरज होती?

ताई : ती खूप हसली. किती वर्षांनी तिचं हसू ऐकलं मी. तशीच हसते अजून, मध्येच श्वास अडकल्यासारखी. मग म्हणाली, अगं, पण तुम्ही बोटवाल्याला माझं नाव का नाही सांगितलं? त्याची जाळी वर्षानुवर्षं माझ्याच अंगणात दुरुस्त होतात. तो माझ्या माणसांना धक्क्यावर उभं ठेवेल का?

दाजी : आता हे आपल्याला काय माहीत?

ताई : माहीत कसं असेल? तुम्ही त्या माणसाला नोटा दाखवल्यात. याने कार्ड दाखवलं. दोघं त्याच्यासमोर एकमेकांना दाखवून देत होतात. आम्ही अमक्या अमक्या बाईकडे चाललोय, ती आजारी आहे, एवढं एक वाक्य दोघांपैकी कुणाच्या तोंडून निघालं नाही.

दाजी : भाषेचा प्रश्न होता.

ताई : नावाला कसली भाषा लागते?

दाजी : हं.

ताई : तिने तिकडून त्याला फोन केला. तो थांबतोय आपल्यासाठी. भाडं ती तिकडे त्याच्या हातात ठेवणार आहे. आता उठा लवकर, दुसऱ्यांचा खोळंबा नको.

धाकटा : बरं झालं. मग तुम्ही दोघं या जाऊन. मी थांबतो.

ताई : थांबतोस?

धाकटा : बँकेशी बोलावं लागेल मला. उद्या विमानतळावर काही लागलं तर पैसे नकोत का? कुणीतरी मागचं बघायला पाहिजे. तुम्ही जाऊन या आरामात.

ताई : तुझी चष्म्याची डबी दे.

धाकटा : का?

ताई : दे म्हणते ना.

धाकटा : ताई, चष्मा माझ्या डोळ्यांवर आहे. डबी रिकामी आहे.

ताई : रिकामी आहे तर द्यायला काय जातंय?

(ताई डबी घेऊन पलंगावर उलटी करते. कापडाच्या घडीतून एक इवलंसं सिम कार्ड पडतं.)

दाजी : हे काय आहे?

ताई : याची किल्ली. घरी राहिलेली.

धाकटा : अरे, हे इथे होतं? मी विसरलोच होतो.

ताई : विमानात माझ्या शेजारी बसून तू ते नखाने काढलंस. पडू नये म्हणून माझा पदर खाली धरायला लावलास. मग या कापडात गुंडाळून डबीत ठेवलंस आणि डबी दोनदा हलवून बघितलीस. आणि तू विसरलास?

धाकटा : माणूस विसरतो.

ताई : माणूस विसरत असेल. तू नाही. आणि मशीनपासून इथपर्यंत मी वाट बघत होते, आता याला आठवेल, आता आठवेल. खोलीत आल्यावर माझी खात्री पटली. एरवी तुझ्या कार्डाबद्दल कुणी वाकडा शब्द काढला तर तू त्याला झोपू देत नाहीस. आज हे तुला सकाळपासून घालून पाडून बोलतायत, आणि तू बिस्किटं खात ऐकून घेतोस. तेव्हाच कळलं मला.

दाजी : मीच वेडा. मला वाटलं, मी जिंकतोय.

ताई : तुम्ही इस्त्री गुंडाळून ठेवा.

धाकटा : ताई, मला नाही जमणार तिकडे यायला.

ताई : का?

धाकटा : तिच्यासमोर उभा राहून मी काय बोलू? इतकी वर्षं मी तिला एक शब्द लिहिला नाही. तिचा फोन आला की मी तुझ्या हातात द्यायचो. तिचं नावसुद्धा घेत नव्हतो, 'ती बाई' म्हणायचो. आता ती अंथरुणावर पडलीय, आणि मी जाऊन विचारायचं, कशी आहेस? मला लाज वाटते. घे, सांगितलं. लाज वाटते मला.

ताई : मग ही लाज घेऊन तिकडे चल. इथे खोलीत ठेवून काय करणार आहेस तिचं? आणि बोलायचं कशाला? तुझं बोलणं ऐकून आजवर कुणी बरं झालेलं नाही. जा, बस तिच्या उशाशी, आणि तोंड बंद ठेव. तेवढं तिला पुरेल.

धाकटा : तिला माहीत आहे मी आलोय ते?

ताई : तिने विचारलं, माणसं किती? मी म्हटलं, तिघं.

धाकटा : तू न विचारता सांगितलंस.

ताई : तुला विचारलं असतं तर तू म्हणाला असतास, उद्या. तिघांचं भाडं ठरलंय. तू आला नाहीस तरी ती तिघांचंच देणार.

धाकटा : म्हणजे तिच्या पैशाने जायचं मी.

ताई : हो. 'त्या बाईच्या' पैशाने. आता नको म्हणून दाखव. मी ऐकते.

दाजी : आणि त्या नोटा धड असतील. कुणी इस्त्री केलेली नसेल त्यांना.

ताई : तुम्हाला कुणी बोलायला सांगितलं?

धाकटा : ताई.

ताई : काय?

धाकटा : तिघं म्हटल्यावर... ती काही बोलली का?

ताई : आधी मलाच पुन्हा विचारलं, किती? मला वाटलं, आवाज नीट जात नाहीये. मी दोनदा ओरडून सांगितलं, तिघं, तिघं.

धाकटा : मग?

ताई : मग म्हणाली, त्याला लहानपणी गाडी लागायची. बोटीत मध्यभागी बसवा त्याला, आणि निघण्याआधी काही खाऊ देऊ नका.

दाजी : ऐकलंस ना? ठेव ते बिस्किट खाली.